ब्रह्मदेशाचा पाठिंबा

माझं आडनाव धैर्यवान आहे, यात माझा काही दोष नाही. आमच्या पाठारे प्रभूंमध्ये ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. मूळ पुरुषाने कधीकाळी काही धैर्य केलंही असेल, पण माझ्या वाट्याला येईपर्यंत नुसतं आडनाव उरलं होतं. मी सचिवालयात हेडक्लार्क. मुंबईचं द्विभाषिक राज्य होऊन वर्ष उलटलं होतं, गिरगावातली एकही भिंत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेवाचून राहिली नव्हती, आणि सरकारी नोकराने त्या भिंतींकडे कोणत्या चेहऱ्याने पाहावं याबद्दल खात्याचं परिपत्रक काही निघालं नव्हतं. म्हणून मी खाली मान घालून ट्रामपर्यंत जात असे आणि खाली मान घालून परत येत असे. निदान शेणात पाय पडत नसे.

अशा माणसाच्या घरी परदेशी पाहुणी ठेवू नये. पण सुमतीची, म्हणजे आमच्या कुटुंबाची, शाळासोबतीण लतिका परळच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या मुलींना शिकवते. तिच्याकडे बाहेर देशातून एक विद्यार्थिनी येणार होती आणि होस्टेलच्या नव्या मजल्याची स्लॅब अजून पडायची होती. "महिनाभर ठेवून घे गं," असं ती सुमतीला म्हणाली. सुमतीने मला विचारलं. तिने विचारलं तेव्हा खोलीत खाट येऊन पडलेली होती.

परदेशी म्हणजे गोरी, हे आमच्या बिल्डिंगमध्ये सर्वांनी एकमताने ठरवून टाकलं. खालच्या मजल्यावरचे हेमचंद्रराव गोऱ्या साहेबाच्या कंपनीतून निवृत्त झालेले. त्यामुळे गोरे लोक हा त्यांचा खास विषय. ते रोज संध्याकाळी वर येऊन सूचना देऊ लागले.

"मनमोहनराव, त्यांना सकाळचा चहा बिछान्यात लागतो. उठवून चहा दिलात तर अपमान समजतात."

"आणि तोंड कधी धुतात?"

"ते त्यांचं त्या बघतील. तुम्ही काटे-चमचे आणलेत का?"

मी काटे-चमचे आणले. कडू मुरंब्याची बाटली आणली. हेमचंद्ररावांनी कानात सांगितलेली एक वस्तू फोर्टातल्या दुकानातून, कोणी ओळखीचं नाही असं पाहून, कागदात गुंडाळून आणली. ती वस्तूही कागदच होती.

त्या दिवशी हेमचंद्रराव टाय लावून आमच्या दारात उभे होते. जिन्यावरून लतिका आली आणि तिच्यामागून एक बुटकीशी, गव्हाळ मुलगी. कमरेला लुंगीसारखं नक्षीचं वस्त्र, केसांत फूल. तिने दाराबाहेर चपला काढल्या, एकमेकींना चिकटवून नीट ठेवल्या, आणि आत येऊन माझ्या वडिलांपुढे, अप्पांपुढे, जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला. असा नमस्कार अप्पांना आमच्यापैकी कोणी आजवर केला नव्हता. हेमचंद्रराव अजून जिन्याकडेच बघत होते.

"यांच्या मागून कोण येतंय?" त्यांनी विचारलं.

मागून कोणीच येत नव्हतं. मुलगी रंगूनची होती, ब्रह्मदेशातली. हेमचंद्ररावांनी खाली जाऊन टाय सोडला.

अप्पांना जरा कमी ऐकू येतं. ते तिला जवळ बसवून म्हणाले, "नाव काय तुझं?"

"म्या," ती म्हणाली.

"हो गं, तूच. नाव काय?"

"म्या."

अप्पा माझ्याकडे वळले. "मनू, ही देशावरची दिसते रे. नाव विचारलं तर म्या म्या करते आहे."

लतिकाने खुलासा केला की तिकडे म्या म्हणजे पाचू. मुलींच्या नावाआधी मा लावतात, म्हणून ही मा म्या. अप्पांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण तेव्हापासून ती त्यांची लाडकी झाली. रंगूनच्या बाजारात शिकलेलं हिंदुस्थानी ती बोलत असे. जेवायला बसल्यावर तिने काटे-चमचे अदबीने बाजूला सारले. "हम हाथ से खाता है, काका," असं म्हणून तिने भात आणि कोलंबीचं कालवण कालवलं. सुमतीने माझ्याकडे पाहिलं. मी मुरंब्याच्या बाटलीकडे पाहिलं.

एवढ्यावर सगळं थांबलं असतं तर ही हकिकत सांगायचं कारण नव्हतं. पण मला दुर्बुद्धी झाली. तिच्या अभ्यासाच्या शेवटी रोग्याच्या खाटेशी उभं राहून परीक्षा द्यायची होती, आणि ती मराठीत. रोगी गिरणीतले, त्यांना दुसरी भाषा कुठून येणार. मी म्हटलं, "मराठी मी शिकवतो." माझा मसुदा खात्यात नावाजलेला आहे. सचिवांनीसुद्धा एकदा त्यातला फक्त स्वल्पविराम बदलला होता.

लगेच बिल्डिंगमधून सल्ले सुरू झाले. हेमचंद्रराव म्हणाले, सुभाषितांपासून सुरुवात करा. अप्पा म्हणाले, बाराखडी घोटून घे. सुमती म्हणाली, "नुसतं बोला हो तिच्याशी, येईल आपोआप." आपोआप येणाऱ्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. मी व्याकरणापासून आरंभ केला. तो भात, ती भाकरी, ते वरण.

"भात मर्द?" तिने विचारलं.

"पुल्लिंगी."

"भाकरी औरत?"

"स्त्रीलिंगी म्हणायचं."

तिने लेखणी खाली ठेवली. "काका, किसने देखा?"

मी संध्याकाळी घरात "आपणांस काय होत आहे?" हे वाक्य घोटून घेई. ती सकाळी वॉर्डात जाई. तिथे निम्मे रोगी साताऱ्याकडचे आणि निम्मे कोकणातले. संध्याकाळी परत आली की माझ्या वाक्याची वाताहत झालेली असे. एक दिवस अप्पांचा गुडघा चेपत तिने विचारलं, "खय दुखता?" दुसऱ्या दिवशी, "लई कळ मारतीया व्हय?" आमच्याकडे मासळी घेऊन येणारी राधाबाई कोळीण तर जिन्यात बसून तिच्याशी तासन्‌तास बोलायची. राधाबाईने तिला "म्हावरा ताजा हाय गो बाय" हे इतकं उत्तम शिकवलं की ती सुमतीलाच आमच्या दारात मासळी विकू लागली. दोघींना हसू आवरेना. मला माझ्या व्याकरणाचं कसं होणार ही काळजी.

पण खरी काळजी पुढे होती. बोलणं ती वॉर्डात शिकली, वाचायला शिकली भिंतींवरून. माझी अक्षरं वहीत बारीक असत, भिंतीवरची हातभर. एका संध्याकाळी ती आनंदाने धावत वर आली आणि गॅलरीत उभी राहून तिने आयुष्यातलं पहिलं मराठी वाक्य खणखणीत वाचून दाखवलं: "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे."

मी गॅलरीचं दार लावलं, खिडक्या लावल्या, आणि तिला ते वाक्य विसरायला सांगितलं. विसरणं दूरच, तिने त्याच्यावरून साचा काढला. "काका, चहा झालाच पाहिजे. अप्पा, आंघोळ झालीच पाहिजे. काकी, जेवण झालंच पाहिजे." तिन्ही लिंगं बिनचूक. गुरू म्हणून मला अभिमान वाटावा आणि नोकर म्हणून घाम फुटावा, अशी माझी दशा झाली.

महिना संपला, स्लॅब काही पडली नाही. सिमेंटचं परमिट अडलं होतं. मुक्काम लांबला म्हणून तिच्या पत्त्याची नोंद पुन्हा करणं आलं. परदेशी लोकांची नोंद पोलिसांच्या ज्या कचेरीत होते तिथे घरमालकाला सोबत जावं लागतं. मी रजा टाकून तिला घेऊन गेलो. तिथे पहिली अडचण आडनावाची आली.

"आडनाव?" कारकुनाने विचारलं.

"नाही," ती म्हणाली.

"वडिलांचं आडनाव सांगा."

"त्यांना पण नव्हतं."

ब्रह्मदेशात आडनावं नसतात, असं मी सांगितलं. कारकून म्हणाला, तिकडे नसतील, पण इथे रकाना आहे. रकाना रिकामा ठेवला तर कागद परत येतो. बराच वेळ विचार करून त्याने स्वतःच मार्ग काढला आणि राहण्याच्या ठिकाणचं आडनाव तिथे टाकलं. अशा रीतीने ती सरकारदरबारी म्या धैर्यवान झाली. कागदावरचे ते दोन शब्द वाचताना, मीच गावंढळ भाषेत छाती ठोकून सांगतो आहे असं मला वाटलं.

तो कागद घेऊन आम्ही इन्स्पेक्टरसाहेबांपुढे गेलो. सज्जन गृहस्थ, मराठीच. सही करता करता त्यांनी सहज विचारलं, "काय बाई, मराठी आली का थोडी?"

मी "नाही" म्हणायला तोंड उघडलं होतं. पण ती शिष्या होती, परीक्षेला बसल्यासारखी ताठ उभी राहिली आणि तिने ते वाक्य म्हटलं. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. "च"वर जोर देऊन.

बाहेरचा टाइपरायटर थांबला. इन्स्पेक्टरसाहेबांची लेखणी तशीच हवेत. त्यांनी दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"मी काही ऐकलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही ऐकलंत?"

"नाही साहेब."

"मग काय म्हणाल्या त्या?"

"भात पुल्लिंगी आहे असं म्हणाल्या."

साहेबांनी रुमालाने कपाळ पुसलं. तेही सरकारी नोकरच. पण बाहेर ज्यांनी ऐकलं त्यांचं काय, असा विचार करून त्यांनी माझ्याकडून हमीपत्र घेतलं, की सदर परदेशी स्त्री कोणत्याही राजकीय चळवळीत भाग घेणार नाही, आणि घेतल्यास जबाबदारी खाली सही करणाराची. खाली सही मी केली. ट्रामने घरी येईपर्यंत मी हमीपत्रातले शब्द आठवत बसलो. तिने मात्र वाटेतल्या सगळ्या भिंती मनातल्या मनात वाचल्या. ओठ हलताना मला दिसत होते.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. छातीत धडधड, कानांत घूं घूं. हेमचंद्रराव म्हणाले, "पित्त. आमसूल चोखा." मी आमसुलं चोखत ऑफिसात बसू लागलो.

तिची परीक्षा ठरली आणि त्याच सुमारास हरताळाची हवा सुरू झाली. मी लतिकाला विचारून मुलीला आदल्या दिवशीच इस्पितळात ठेवणार होतो. पण हेमचंद्ररावांनी जिन्यात अडवलं. "मनमोहनराव, घाई कशाला? हरताळ परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी आहे. मला आतून कळलंय." आतून म्हणजे कुठून, हे त्यांना आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. मीही विचारलं नाही. परीक्षेच्या दिवशी सकाळी गॅलरीतून पाहिलं तर रस्त्यात ट्राम नाही, बस नाही, दुकानांच्या फळ्या लागलेल्या.

आमच्या खात्याचं परिपत्रक अशा बाबतीत मात्र वेळेवर निघतं. हरताळाच्या दिवशी गैरहजर राहणाऱ्याने लेखी खुलासा करावा, असं ते होतं. माझं ऑफिस दक्षिणेला, तिचं परळ उत्तरेला. परीक्षक बाई पुण्याहून येऊन बसल्या होत्या, म्हणजे परीक्षा होणारच होती. चुकली तर पुढची सहा महिन्यांनी, आणि शिष्यवृत्ती त्याआधी संपत होती. मा म्या पांढरा युनिफॉर्म घालून, टोपी पिनांनी नीट बसवून दाराशी आली.

"काका, मी चालत जाते."

"एकटी?"

"रस्ता माहीत आहे. सगळं लिहिलेलं आहे भिंतीवर."

सुमती म्हणाली, "अहो, जा तिच्याबरोबर. ती वाचत वाचत जाईल."

मला हमीपत्र आठवलं. मी कोट घातला. टोपीचा प्रश्न होता. पांढरी टोपी घातली तर काँग्रेसवाला म्हणून लोक मारणार, काळी घातली तर सरकारी माणूस म्हणून. बोडक्याने निघावं तर आमच्या घराण्यात कोणी मेल्याशिवाय तसं निघत नाहीत. हेमचंद्रराव म्हणाले, काळीच बरी, मार कमी बसतो. हेही त्यांना आतूनच कळलं असावं.

लॅमिंग्टन रोडपर्यंत काही झालं नाही. मी भराभर चालत होतो आणि मनात हिशेब करत होतो की हिला परळला सोडून उलटा फिरलो तर निदान दुपारच्या मस्टरला पोचेन. सात रस्त्याला मात्र जमाव होता. त्यातला एक दांडगा, बाह्या सरसावलेला माणूस पुढे आला. त्याला बाकीचे जयवंत म्हणत होते.

"कुठं निघालात साहेब? कचेरीत?"

"नाही, नाही. परळला."

"मग आपलेच. म्हणा तर, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. समोरच्या कोपऱ्यावर पोलीसही बघत होते. माझ्या मनात काय होतं विचाराल तर मराठी माणसाच्या मनात असायचं तेच होतं. पण ते मनातून तोंडात येईपर्यंत वाटेत पेन्शन होतं. छातीत घण पडू लागले. एवढ्यात माझ्या बाजूने खणखणीत आवाज आला, "झालाच पाहिजे."

जमाव चकित झाला. जयवंतने तिच्याकडे वाकून पाहिलं. "ही कोण? चिनी का?"

"ब्रह्मदेशातून आल्या आहेत," मी सांगितलं. "नर्स आहेत. सोडा हो आम्हाला, उशीर होतोय."

जयवंत जमावाकडे वळून ओरडला, "ऐकलं का रे? ब्रह्मदेशाचा पण पाठिंबा आहे."

मी त्याला समजावू लागलो की एका मुलीने व्याकरणाचं वाक्य म्हणणं आणि एका देशाने पाठिंबा देणं यात फरक आहे. पण हरताळाच्या दिवशी फरक कोण ऐकतो. आम्हाला वाट मिळाली, आणि आमच्यामागून जमावही चालू लागला. बातमी आमच्यापेक्षा वेगाने चालत होती. चिंचपोकळीला लोक आधीच रस्त्याच्या कडेला उभे. कोणीतरी मा म्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. "कोण ओ त्या?" "ब्रह्मदेशच्या वकील." "आणि ते काळी टोपीवाले?" "त्यांचे सेक्रेटरी असतील."

लालबागला पोचेपर्यंत आमच्यामागे चांगला मोर्चा झाला होता. म्हणजे राजकीय चळवळीत भाग घेणार नाही अशी जिची हमी मी दिली होती, ती मोर्चाच्या अग्रभागी हार घालून चालली होती आणि शेजारी जबाबदार इसम आमसूल चोखत होता.

परळच्या नाक्यावर लाठ्या घेतलेले पोलीस रांगेने उभे होते. त्यांच्यापुढे इन्स्पेक्टर. मी पाहिलं आणि तोंडातलं आमसूल गिळलं. त्या दिवशी सगळ्याच कचेऱ्यांतून माणसं बंदोबस्ताला काढली होती आणि त्यात आमचे सज्जन गृहस्थही होते. त्यांनी मला ओळखलं, तिला ओळखलं, हार पाहिला, मोर्चा पाहिला. ते पुढे आले आणि ओठ न हलवता म्हणाले, "धैर्यवान, मी तुम्हाला पाहिलेलं नाही. माझ्या डाव्या हाताने निघून जा. लवकर."

तेवढ्यात मागून कुठून तरी दगड आला. कोणाला लागला कळलं नाही. लाठ्या वर झाल्या, माणसं सैरावैरा धावू लागली, छप्पन सालचा गोळीबार सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. कोणाचा तरी धक्का लागून माझी टोपी गेली. मी मा म्याचा हात पकडला. एरवी परक्या तरुण मुलीचा हात धरायचा मला धीर झाला नसता, पण त्या वेळी मी तो असा घट्ट धरला की तिच्या बोटांतलं रक्त थांबलं असेल. धावत, पडत, उठत आम्ही इस्पितळाच्या फाटकात शिरलो.

आत परीक्षेत वेगळाच गोंधळ. मा म्यासाठी नेमलेला रोगी खाटेवर नव्हता. कुशाबा म्हणून साताऱ्याकडचा गिरणी कामगार, पोटाच्या ऑपरेशनमधून नुकता उठलेला. ब्रह्मदेशाचा पाठिंबा येतोय असं कोणीतरी खिडकीतून ओरडलं, तेव्हा तो घोंगडी लपेटून मागच्या फाटकाकडे बघायला गेला होता. दुसरे रोगी इतर मुलींना वाटून झालेले. पुण्याच्या परीक्षक बाई घड्याळ बघत उभ्या. लतिका हवालदिल.

परीक्षक बाईंनी माझ्याकडे पाहिलं. बोडकं डोकं, फाटका गुडघा, चेहऱ्याला रंग नाही.

"हे चालतील," त्या म्हणाल्या.

"मी ऑफिसला निघालोय," मी म्हटलं.

"आडवे व्हा," लतिका म्हणाली. माझ्या बायकोच्या शाळेत सगळ्या मुलींना हुकूम एकाच आवाजात सोडायला शिकवत असावेत. मी कुशाबाच्या खाटेवर आडवा झालो.

मा म्याने हार काढून ठेवला, हात धुतले, आणि खाटेशी उभी राहिली. तिचा चेहरा एकदम निराळाच झाला. घरातली हसरी मुलगी कुठे गेली कळेना.

"काय व्हतंय तुमाला?"

"शुद्ध बोला," परीक्षक बाई म्हणाल्या.

"आपणांस काय होत आहे?"

माझं वाक्य. इतक्या महिन्यांनी एकदाचं जसंच्या तसं आलं. मला भरून आलं. "काही नाही," मी म्हटलं. "जरा धडधडतंय. ते नेहमीचंच."

"कधीपासून?"

"द्विभाषिक झाल्यापासून."

बाजूच्या खाटेवरचा रोगी हसला. ती हसली नाही. "डोकं? कान?"

"कानांत घूं घूं होतं. पित्त आहे ते."

तिने माझ्या दंडाला पट्टा बांधला, फुगा दाबला, आणि पाऱ्याकडे बघत राहिली. पट्टा सोडला. पुन्हा बांधला. दुसऱ्यांदा बघितल्यावर तिने परीक्षक बाईंना नुसती खूण केली. बाईंनी स्वतः मोजलं. मग त्यांनी परीक्षा बाजूला ठेवली आणि डॉक्टरांना बोलावणं पाठवलं. तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की आजवर मी ज्याला भीती समजत होतो त्यात काही खराखुरा आजारही होता. मी उठायला गेलो.

"काका, उठायचं नाही."

"मस्टर आहे गं. खुलासा लिहावा लागेल."

"ऑफिस नाही," तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आराम झालाच पाहिजे."

"झालाच पाहिजे," वॉर्डातल्या खाटाखाटांवरून आवाज उठला. ज्यांना उठून बसता येत नव्हतं त्यांनीही पडल्या पडल्या साथ दिली. परीक्षक बाई भुवया उंचावून सगळीकडे बघत होत्या. मग लतिकाला म्हणाल्या, "उच्चार मिश्र आहेत. पण लिंग-वचन कुठे चुकत नाही हो मुलीचं." मी डोळे मिटले. कोणी तरी दंडात सुई टोचली.

ती पास झाली. मला मात्र पंधरवडाभर तिथेच ठेवून घेतलं. लतिकाने इस्पितळाचा दाखला ऑफिसात धाडला, त्यामुळे हरताळाच्या दिवसाचा खुलासा आपोआप झाला. वॉर्डात मात्र निराळीच वार्ता पसरली होती, की या साहेबांनी सरकारी नोकरी असून हरताळ पाळला, ब्रह्मदेशाच्या बाईला मोर्चातून आणलं, आणि लाठीमारात आजारी पडले. कुशाबा परत आला तो माझ्या खाटेवर हक्क सांगायला नाही, मला शेजारी मिळाला म्हणून खूश होऊन. त्याने आपल्या वाटणीची मोसंबी मला सोलून दिली. मी काही वेळ नाही, नाही म्हणत राहिलो, आणि मग खाल्ली.

त्याच दिवशी संध्याकाळी रस्ते शांत झाल्यावर सुमती आली होती. माझ्या फाटक्या पँटकडे बघत होती. मग म्हणाली, "अप्पा विचारत होते, मनू एवढा चालला कसा." आणि डोळ्यांना पदर लावला. थोड्या वेळाने ती डॉक्टरांना भेटायला गेली, तेव्हा मा म्या बिनमिठाची पेज घेऊन आली आणि स्टुलावर बसली. दिवसभर जमावापुढे ताठ चाललेल्या त्या मुलीचे हात वाटी धरताना थरथरत होते.

"काय झालं गं?" मी विचारलं. इतके महिने मी तिला व्याकरण विचारलं होतं, हे कधी विचारलं नव्हतं.

ती सावकाश, शब्द जुळवत बोलू लागली. निम्मं मराठी, निम्मं हिंदुस्थानी. ती लहान असताना रंगूनवर बॉम्ब पडले होते. सगळं शहर रस्त्यावर आलं, माणसं धावत सुटली. तिच्या वडिलांनी तिचा हात धरला होता. गर्दीचा एक लोंढा आला आणि हात सुटला. दुसऱ्या दिवशी आई सापडली. वडील पुढे कधीच सापडले नाहीत.

"आज सकाळपासून मला लई भीती," ती म्हणाली. "गर्दीची. म्हणून मी मोठ्याने बोलत होते. मग दगड आला, सगळे पळाले, आणि तुम्ही माझा हात धरला. सोडला नाही. फाटकापर्यंत सोडला नाही."

खरी गोष्ट अशी होती की तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, आणि ती पुढे निघून गेली तर मी एकटा तिथे पडेन म्हणून मी तो हात धरला होता. हे मला तिला सांगता आलं असतं. शुद्ध मराठीत सांगता आलं असतं.

मी तिच्या हातातली वाटी घेतली, पेज पिऊन टाकली आणि वाटी पुढे केली. "थोडी आणखी घाल," मी म्हटलं, "आणि बस इथेच जरा."

ती बसली. तिचे हात हळूहळू थांबले. तो गैरसमज मी त्या दिवशी दूर केला नाही, आणि पुढे ती रंगूनला परत जाईपर्यंतही केला नाही.